दोन पर्जन्यछायांचे बेट: श्रीलंकेची राष्ट्रीय उद्याने कशी आणि केव्हा पाहावीत

पैठणच्या नाथसागराचे पाणी ओसरू लागले की फुगवट्याच्या काठावरची गावे उघड्या पडलेल्या गाळावर पेरणी करतात. या शेतीला आपल्याकडे गाळपेरा म्हणतात. वरून पावसाचा थेंब नाही, विहिरींनी तळ गाठलेला, आणि तरीही त्या गाळात मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, टरबूज उभे राहते. श्रीलंकेतील मिनेरिया राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास एकाच तलावाच्या काठी दोनशे-तीनशे रानटी हत्ती चरताना दिसतात, ते कशामुळे, हे मला नीट उमगले ते या गाळपेऱ्यावरून. तिथेही पाणी मागे सरते आणि ओला गाळ उघडा पडतो. फक्त त्यावर पीक नव्हे तर कोवळे गवत उगवते आणि ते खाण्यासाठी दूरदूरच्या जंगलांतून हत्तींचे कळप येतात.

श्रीलंकेच्या सहलीला निघणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘जीप सफारी’ एवढी एकच ओळ असते. कोणते उद्यान आणि कोणता महिना, याचा विचार त्या ओळीत नसतो, आणि परत आल्यावर ‘काही दिसलेच नाही’ अशी खंत राहते. या बेटावर लहानमोठी वीसहून अधिक राष्ट्रीय उद्याने आहेत. ती सगळी पाहणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मात्र बेटावर पाणी कुठून येते, कुठे साठते आणि केव्हा आटते हे एकदा समजून घेतले, की प्राणी कुठे भेटतील याचा अंदाज बऱ्याच अंशी आपला आपल्यालाच बांधता येतो.

डोंगर एक, पावसाळे दोन

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याएवढेच जवळपास. एवढ्याशा भूमीवर एका टोकाला काटेरी झुडपांचे रान आहे, दुसऱ्या टोकाला वर्षभर निथळणारे सदाहरित अरण्य आहे, आणि मधोमध पहाटे गवतावर दव गोठते अशी थंड पठारे आहेत. या विविधतेचे मूळ ज्या एका गोष्टीत आहे, ती मराठवाड्यातील वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण आपण तिच्यातच जन्माला आलो आहोत. ती गोष्ट म्हणजे पर्जन्यछाया.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, चढताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, ढग विरळ होतात आणि मराठवाड्याच्या वाट्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस येतो. आपली पर्जन्यछाया एकाच बाजूची आहे, कारण आपल्याकडे पाऊस आणणारा मुख्य वारा एकाच दिशेने येतो.

श्रीलंकेच्या मध्यभागी, थोडा दक्षिणेकडे, डोंगरांचा मोठा गठ्ठा आहे. त्यातील सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला २,५२४ मीटर उंच आहे. या डोंगरावर वर्षातून दोनदा, दोन विरुद्ध दिशांनी मोसमी वारे येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा असतो. तेव्हा रत्नपुरा, सिंहराजा हा नैर्ऋत्य उतार पावसात न्हाऊन निघतो आणि उत्तर व पूर्व भाग डोंगराच्या सावलीत कोरडा पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बंगालच्या उपसागरावरून ईशान्येचा वारा येतो आणि ती सावली बाजू बदलते. आता पूर्वेला आणि उत्तरेला पाऊस असतो. मधल्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतरचे गडगडाटी पाऊस जवळपास सगळ्या बेटावर होतात, आणि वर्षाच्या शेवटी उपसागरातील कमी दाबाचे पट्टे त्यात भर घालतात.

परिणाम असा, की नैर्ऋत्येकडचा ओला पट्टा कधीच पुरता कोरडा होत नाही, तर उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या विस्तीर्ण पट्ट्याला ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच खरा पावसाळा मिळतो आणि मे ते सप्टेंबर तिथे उष्ण, कोरडे वारे वाहतात. बेटाचा बहुतांश भाग या कोरड्या पट्ट्यात मोडतो. तिथे वर्षाला साधारण १,७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो, म्हणून त्याला कोरडा म्हणतात. जालना-बीडच्या माणसाला हा आकडा वाचून नवल वाटेल, कारण आपल्या दुप्पट पाऊस पडणाऱ्या गावालाही ते लोक कोरडवाहूच समजतात. पण तो पाऊस थोड्याच महिन्यांत येऊन जातो आणि त्यानंतरच्या ऊन-वाऱ्यात साठलेले पाणी झपाट्याने उडून जाते, म्हणून टंचाई खरीच असते. आपल्या खरीप-रब्बीसारखे तिथल्या भातशेतीचे दोन हंगाम आहेत, मोठ्या पावसावरचा ‘महा’ आणि लहान पावसावरचा ‘यला’. या यला हंगामाची ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानाशी गल्लत करू नये.

बेटावरची बहुतेक मोठी राष्ट्रीय उद्याने याच कोरड्या पट्ट्यात आहेत. ओल्या पट्ट्यात दाट वस्ती आहे, चहा-रबराचे मळे आहेत. मोठी सलग जंगले उरली ती कोरड्या बाजूला. ती का उरली, याचे उत्तर भूगोलापेक्षा इतिहासात अधिक आहे.

राजांचे तलाव आणि हत्तींचा गाळपेरा

अनुराधापूर आणि पोलोन्नरुवा ही प्राचीन सिंहली राज्ये याच कोरड्या पट्ट्यात उभी राहिली, आणि ती उभी राहिली तलावांच्या जोरावर. सिंहली भाषेत तलावाला ‘वेवा’ म्हणतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक छोटा तलाव, त्याच्या सांडव्याचे आणि शेतातून झिरपलेले पाणी खालच्या दुसऱ्या तलावात, तिथून तिसऱ्यात, अशी उतरती साखळी संपूर्ण खोऱ्यात बांधलेली असे. तलावाच्या वरच्या काठाला झाडांचा पट्टा राखलेला असे, म्हणजे वाऱ्याचा जोर आणि बाष्पीभवन कमी होई. पाणी आत येते तिथे गवताची पट्टी असे, म्हणजे गाळ तिथेच अडे. आणि बांधाच्या खालच्या अंगाला खारट झिरपा शोषून घेणारी झाडे असत. मोठ्या तलावांच्या बांधात ‘बिसोकोटुवा’ नावाचा चौकोनी दगडी हौद बांधलेला आढळतो. बाहेर सुटणाऱ्या पाण्याचा दाब आवरून धरण्याची ती युक्ती होती. या तलावसाखळ्यांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिलेली आहे.

बाराव्या शतकातील राजा पराक्रमबाहूच्या नावाने एक आज्ञा आजही तिथे सांगितली जाते: आभाळातून पडलेला एकही थेंब माणसाच्या उपयोगी पडल्याखेरीज समुद्राला मिळू देऊ नये. पाझर तलाव आणि नाला बांध यांवर आशा ठेवून जगणाऱ्या आपल्या भागाला या वाक्याचा अर्थ मुळापासून कळतो.

तेराव्या शतकापर्यंत ही राज्ये मोडली, राजधान्या दक्षिणेकडे आणि डोंगराकडे सरकल्या, बांध फुटले, गावे ओस पडली आणि शेतांवर रान चढले. म्हणजे आज आपण ज्याला आदिम अरण्य समजून जीपमधून पाहतो, त्यातील पुष्कळसे रान हे सोडून दिलेल्या शेतीवर आणि गावठाणांवर वाढलेले आहे. विल्पट्टूच्या आणि यालाच्या जंगलांत विहारांचे अवशेष आणि जुने बांध सापडतात ते यामुळेच. यालाच्या हद्दीतील सिथुलपव्व हा खडकावरचा विहार तर इसवी सनापूर्वीचा मानला जातो आणि आजही तिथे भाविक जातात. मला हे जंगल या कारणाने अधिक जवळचे वाटते: माणसाने केलेले पाण्याचे काम माणूस निघून गेल्यावर हत्तींच्या, मगरींच्या आणि पाणपक्ष्यांच्या कामी आले.

मिनेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात राजा महासेनाने बांधला. या राजाने इतके तलाव बांधले, की पुढे लोकांनी त्याला ‘मिनेरियाचा देव’ म्हणून पुजायला सुरुवात केली. ब्रिटिश काळात तलावाची दुरुस्ती झाली आणि १९९७ मध्ये त्याच्या भोवतीचे सुमारे ८९ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झाले. हे क्षेत्र तसे फारच लहान आहे, आणि तरीही आशियातील हत्तींचा सर्वांत मोठा मेळावा इथे भरतो.

त्याची यंत्रणा अशी आहे. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो आणि पाणी जंगलाच्या कडेपर्यंत पोहोचते; तेव्हा हत्ती रानभर पांगलेले असतात, कारण पाणी आणि पाला सगळीकडे मिळतो. मे महिन्यापासून कोरडे वारे सुरू होतात, खाली भातशेतीला पाणी सोडले जाते आणि तलाव आकसू लागतो. जुलैपर्यंत रानातील पाणवठे आटतात, गवत राठ होते, आणि नेमक्या त्याच वेळी तलावाच्या उघड्या तळावर लुसलुशीत गवताचा मोठा पट्टा तयार झालेला असतो. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. त्याला एका जागी मऊ चारा, पाणी आणि कडेला सावलीचे रान असे तिन्ही मिळाले तर तो दुसरीकडे कशाला जाईल? एरवी एकमेकांना क्वचित भेटणारे माद्यांचे कळप इथे शेजारी-शेजारी चरतात, पिल्ले एकमेकांत मिसळतात, आणि एकटे हिंडणारे नर माद्यांच्या शोधात कळपांमधून फिरतात. दुपारच्या उन्हात हत्ती सावलीत थांबतात आणि चार वाजल्यानंतर उघड्यावर येतात, म्हणून इथली सफारी सकाळी न करता दुपारी करावी.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते: हा मेळावा पाण्याच्या भरपूर असण्यावर चालत नाही, पाणी वेळेवर ओसरण्यावर चालतो. अलीकडच्या वर्षांत मोरगहकंद धरणाचे पाणी ऐन कोरड्या महिन्यांत मिनेरियात सोडले गेले, त्यामुळे गवताचा पट्टा बुडाला आणि हत्तींची संख्या रोडावली, अशी तक्रार तेथील निसर्ग अभ्यासकांनी केली आहे. पाण्याची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना भरलेला तलाव ही तक्रारीची बाब कशी, असा प्रश्न पडू शकतो. पण नाथसागर तुडुंब असतो तेव्हा चिखलात चोची खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना उथळ काठ कमी मिळतो, हे तिथे पक्षी पाहणाऱ्यांना ठाऊक असते. शेतकऱ्याला पाणी हवे असते आणि हत्तीला गाळ हवा असतो. दोघांचे वेळापत्रक जुळवणे हे धरणावर दरवाजे उघडणाऱ्यांच्या हाती आहे, आणि ते जुळवता येणे अशक्य नाही असे मला मनापासून वाटते.

शेजारच्या कौडुल्ला उद्यानातही महासेनाचाच तलाव आहे. पावसाने मिनेरियाचा तलाव भरू लागला की हत्ती साधारणपणे तिकडे सरकतात. हबरना या गावी मुक्काम ठेवला तर दोन्ही उद्याने जवळ पडतात, आणि आज हत्ती कुठे आहेत हे तिथल्या जीपचालकांना त्याच दिवशी माहीत असते. घरून निघतानाच एका उद्यानाचा हट्ट धरण्यापेक्षा त्यांचे ऐकावे.

पाण्याचे हेच गणित इतर उद्यानांत वेगवेगळ्या रूपांत दिसते. दक्षिणेकडील उडावलवे उद्यान १९७२ मध्ये जाहीर झाले, ते वलवे नदीवरील नव्या जलाशयामुळे विस्थापित झालेल्या वन्यजीवांना आसरा मिळावा आणि पाणलोट क्षेत्र सुरक्षित राहावे म्हणून. जलाशयात बुडालेल्या झाडांचे निष्पर्ण बुंधे अजून पाण्यात उभे आहेत. इथे मोकळे गवताळ रान असल्यामुळे हत्ती वर्षभर दिसतात, म्हणून ज्यांना महिना निवडण्याची मुभा नाही त्यांनी उडावलवेला जावे. पूर्वेकडे गल ओया उद्यानात जलाशयातून नावेने फिरता येते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे पोहत जाणारे हत्ती कधीकधी दिसतात. वायव्येकडचे विल्पट्टू हे सर्वांत मोठे उद्यान, १,३१७ चौरस किलोमीटरचे. तिथले पाणी कुणी राजाने अडवलेले नाही. सपाट भूमीतील नैसर्गिक बशीसारख्या खळग्यांत पावसाचे पाणी साठते, आणि या उथळ तळ्यांना ‘विल्लू’ म्हणतात. यादवी युद्धामुळे हे उद्यान १९८८ पासून २००३ पर्यंत बंद होते. आजही तिथे यालापेक्षा गर्दी कमी असते, आणि शांतपणे जंगल पाहायचे असेल तर माझी पहिली पसंती विल्पट्टूला राहील.

माथ्यावरचे ढग आणि पायथ्याचे अरण्य

हे सगळे पाणी खाली येते ते वरून, म्हणून हॉर्टन प्लेन्स पाहिल्याखेरीज बेटाचे चित्र पूर्ण होत नाही. सुमारे २,१०० मीटर उंचीवरचे हे छोटे पठार, जेमतेम ३२ चौरस किलोमीटरचे, १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. महावेली, केलनी आणि वलवे या मोठ्या नद्यांच्या उगमधारा याच परिसरातून निघतात. इथे झाडे ठेंगणी आणि वाकडीतिकडी आहेत, फांद्यांवर शेवाळाचे जाड थर आहेत, आणि ढग जंगलातूनच सरकतात. पाऊस पडत नसतानाही ढगातील सूक्ष्म थेंब पानांवर आणि शेवाळावर जमतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि जमिनीवर टपकतात. झाडे तोडली तर हे पाणी ढगातच राहून पुढे निघून जाते. मधल्या गवताळ कुरणांना सिंहली भाषेत ‘पतना’ म्हणतात आणि तिथे सांबरे अगदी जवळून दिसतात.

हॉर्टन प्लेन्समध्ये पायी फिरता येते, आणि बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानांत ही सवलत दुर्मीळ आहे. साधारण नऊ किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे. तिच्यावर ‘वर्ल्ड्स एंड’ नावाचा कडा लागतो, जिथे जमीन एकदम सुमारे ८७० मीटर खाली तुटते. सकाळी नऊ-दहानंतर खालून ढग चढून येतात आणि कड्यापुढे नुसता पांढरा पडदा उरतो, म्हणून पहाटे फाटकावर पोहोचणे आवश्यक आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे इथे कधीकधी गवतावर दव गोठते, आणि उष्ण बेटावर निघालो आहोत म्हणून स्वेटर घरी ठेवून येणाऱ्यांचे हाल होतात. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासून प्लॅस्टिकची वेष्टने काढून घेतली जातात, हे मला फार योग्य वाटते.

नैर्ऋत्य उतारावरचे सिंहराजा हे कायद्याने राष्ट्रीय उद्यान नाही; ते वन्यजीव विभागाकडे नसून वन विभागाच्या अखत्यारीत आहे. १९८८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वर्षाला साडेतीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस, जळवांनी भरलेल्या पायवाटा आणि दाट अंधारी सावली असे हे रान आहे. इथे हत्ती-बिबट्यांच्या अपेक्षेने जाऊ नये. इथे पाहायचे ते पक्ष्यांचे मिश्र थवे: नारिंगी चोचीचे सातभाई पाचोळा आणि पाने उलथीत पुढे जातात, उडालेले कीटक कोतवाल टिपतो आणि ससाणा दिसताच ओरडून सगळ्यांना सावध करतो, आणि या सोबतीचा लाभ घेत इतर अनेक जातींचे पक्षी त्या थव्याबरोबर चालतात. बराच वेळ काहीच दिसत नाही आणि मग पाच मिनिटांत सगळे दिसते, ते या कारणाने.

सिंहराजातील निम्म्याहून अधिक वृक्षजाती श्रीलंकेबाहेर जगात कुठेही नाहीत. बेट म्हटले की समुद्रामुळे जीव वेगळे पडले असे आपण धरून चालतो, पण भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र अत्यंत उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती, तेव्हा हा सगळा पट्टा जमीनच होता आणि हत्ती, बिबटे, हरणे चालत ये-जा करू शकत होती. ज्यांना ओलाव्याखेरीज जगता येत नाही अशा बेडकांना, गोगलगायींना आणि झाडांना मात्र मधला कोरडा सखल प्रदेश समुद्राइतकाच अडवणारा होता. म्हणून ओल्या पट्ट्यातले जीव वेगळे राहिले आणि वेगळे होत गेले. सिंहराजा हे बेटाच्या पोटातले आणखी एक बेट आहे.

वाघ नसलेल्या रानातला बिबट्या

ही ये-जा सगळ्यांची झाली नाही, किंवा झालेली टिकली नाही. श्रीलंकेत आज वाघ नाही, सिंह नाही, लांडगा नाही, तरसही नाही. त्यामुळे बिबट्या, सिंहली भाषेत ‘कोटिया’, हाच तिथल्या रानाचा सर्वांत वरचा शिकारी आहे. आपल्याकडचा बिबट्या उसाच्या फडात दडून रात्री बाहेर पडतो, आणि वाघाच्या जंगलातही त्याला जपून वागावे लागते. यालात तो भर सकाळी खडकावर पाय पसरून बसलेला दिसतो, कारण त्याला हुसकावणारा दुसरा मोठा प्राणी नाही.

याला आणि विल्पट्टू ही दोन्ही १९३८ मध्ये जाहीर झालेली बेटावरची पहिली राष्ट्रीय उद्याने. यालाचे क्षेत्र सुमारे ९७९ चौरस किलोमीटर असून त्याचे पाच विभाग आहेत, पण पर्यटक एकवटतात ते १४१ चौरस किलोमीटरच्या पहिल्या विभागात, कारण बिबट्यांची तिथली घनता जगातील सर्वाधिक घनतांपैकी आहे. याचा दुष्परिणामही तिथेच दिसतो. एका चालकाला बिबट्या दिसला की फोनाफोनी होते, धुरळा उडवीत जीपा धावत येतात आणि त्या गराड्यात प्राण्याला वाट उरत नाही. आपण चालकाला आधीच सांगावे, की आम्हाला घाई नाही, बिबट्या नाही दिसला तरी चालेल. पैसे देणारा प्रवासी असे म्हणाला तर चालकावरचा दबाव खरोखर उतरतो, आणि एखाद्या पाणवठ्यावर तासभर शांत उभे राहिल्यावर जे दिसते ते धावपळीत कधीच दिसत नाही. ऐन कोरड्या काळात, साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हा विभाग बहुधा बंद ठेवतात.

इतर नियम थोडके आहेत. उद्याने सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडी असतात, ठरावीक ठिकाणाखेरीज जीपमधून उतरता येत नाही, आणि प्राण्यांना काही खायला घालणे हा गुन्हा आहे. हा शेवटचा नियम रस्त्यावरही पाळावा. उडावलवेच्या विजेच्या कुंपणालगत रस्त्याकडे तोंड करून हत्ती उभे असतात आणि जाणारे-येणारे त्यांना फळे देतात. या सवयीने हत्ती कुंपण तोडून वाहनांवर आणि शेतांवर येऊ लागतात, आणि मग मरतो तो हत्ती किंवा शेतकरी.

कारण हत्ती उद्यानात मावत नाहीत. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती आढळले, आणि हत्तींचा वावर असलेल्या प्रदेशाचा मोठा भाग संरक्षित जंगलाबाहेर, गावांच्या आणि शेतांच्या मध्ये आहे. २०२३ या एका वर्षात चारशेहून अधिक हत्ती आणि दीडशेहून अधिक माणसे या संघर्षात मेली. कळप हाकून उद्यानात कोंडावे, हा उपाय पुष्कळदा केला गेला. पण दाट जंगलात तेवढा चारा नसतो, कोंडलेल्या माद्या आणि पिल्ले खंगतात आणि नर परत येतात. त्याऐवजी गावाभोवती कायमचे आणि भाताभोवती पीक उभे असेपर्यंतच विजेचे कुंपण घालावे, कापणीनंतर ते काढून हत्तींना धसकटात चरू द्यावे, ही पद्धत तिथल्या गावांनी स्वतः राबवून पाहिली आहे आणि ती चालते. रानडुकरांपायी रात्र-रात्र मळ्यात जागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला तिथल्या शेतकऱ्याचे दुःख सांगावे लागणार नाही.

राहिला प्रश्न आपल्या सुट्ट्यांचा. दिवाळीच्या सुटीत गेलात तर मधल्या पावसाचे दिवस असतात. मिनेरियाचा मेळावा तेव्हा मोडत आलेला असतो, म्हणून कौडुल्ला आणि उडावलवे एवढेच धरावे आणि सिंहराजासाठी जळवांचे मोजे घ्यावेत. जानेवारी-फेब्रुवारीत हॉर्टन प्लेन्सची सकाळ सर्वांत स्वच्छ मिळते. आषाढात, जुलैच्या सुमारास, पूर्वेकडच्या कुमना आणि याला उद्यानांतून कतरगामच्या देवाला पायी जाणारे यात्रेकरू दिसतात. उत्तरेतून महिना-दीड महिना चालत आलेल्या या लोकांसाठी जंगलाची वाट तेवढे दिवस खुली करतात, आणि तिथल्या त्या महिन्याचे ‘एसला’ हे नावही आपल्या आषाढाचेच रूप आहे. मे-जूनच्या सुटीत, आपल्याकडे पोळणारे ऊन असताना, यालात आणि विल्पट्टूत पाणवठे आकसू लागलेले असतात, आणि त्याच दिवसांत ‘पलू’ नावाचे झाड पिवळ्या फळांनी लगडते. हे पलू म्हणजे आपली खिरणी. एरवी रात्री हिंडणारे अस्वल या फळांच्या लोभाने दिवसाढवळ्या झाडावर चढून बसते, म्हणून त्या महिन्यांत जीपचालकाला बिबट्याऐवजी खिरणीच्या झाडांखालून गाडी न्यायला सांगावे.